तिसऱ्या वळणावर गाडी आपटते

'रेकॉर्डिंग बनावट. गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीला आपटते. नोंद रद्द.'

तपासनिसाने एवढंच लिहिलं होतं आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला होता. तो चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या सीडीवरच्या खेळांचा एक ग्रुप आहे. तिथे कोणी विक्रम केला की हा माणूस तो आपल्या कॉम्प्युटरवर तपासतो आणि खरा की खोटा ते ठरवतो. त्याला या गादीवर कोणी बसवलंय, देव जाणे.

विक्रम माझ्या बाबांचा होता. सारा जन्म लेथ मशीनवर घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसून घाटातली मोटारशर्यत खेळायचा, आणि एक दिवस ग्रुपातल्या सगळ्यांना मागे टाकून बसला. बाबांनी रेकॉर्डिंग स्वतःच पाठवलं. उत्तर यायच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता तोंडातून 'बरं' एवढा एकच शब्द निघतो आणि त्यांना सगळं त्यातच भागवावं लागतं. म्हणजे पुन्हा खेळून दाखवतो म्हणायची सोय उरली नाही. ते रेकॉर्डिंग हाच काय तो पुरावा.

मी निकाल वाचून दाखवला तेव्हा बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बरंसुद्धा म्हणाले नाहीत.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "सोड गं. गेमच तर आहे."

"तुझ्या ऑफिसात तुला कोणी लबाड म्हटलं तर सोडशील?"

"तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस."

घेते. बाबांना अंघोळ घालायला तो नसतो, लांबून उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं?

रेकॉर्डिंग म्हणजे काही सिनेमा नव्हे. कंट्रोलरचं कुठलं बटण कुठल्या क्षणी दाबलं, एवढंच त्यात असतं. जुन्या कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचं, सोंग घेणारा एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम तीच बटणं पुन्हा दाबतो आणि खेळ नव्याने घडतो. पण सगळं तेव्हासारखंच असेल तर. सीडीवरच्या खेळांत तर फार कटकट. सीडीवरून वाचायला वेळ लागतो आणि तो पापणी लवण्याइतका जरी पुढेमागे झाला, तरी बाबांचा अंगठा वळणासाठी ब्रेक दाबतो तेव्हा गाडी वळणापर्यंत पोचलेलीच नसते. सिंक गेलं म्हणतात याला. सिंक गेलं म्हणून माणूस चोर ठरत नाही, हे तपासनिसाला चांगलं ठाऊक असणार. पण समजून घ्यायचे कष्ट कोण घेणार? हसरा चेहरा टाकणं सोपं.

मी चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासणीला आहे. बारीकसा ओरखडाही मी पुढे जाऊ देत नाही. त्याच हट्टाने मी बाबांच्याच कॉम्प्युटरवर बसले. एम्युलेटर तोच, जुनाच. सुरुवातीची फाइल तीच. मेमरी कार्डही तेच, बाबांच्या जुन्या शर्यतींनी भरलेलं. तरी गाडी तिसऱ्या वळणावर आपटायची. बाबा शेजारच्या खुर्चीतून बघत बसायचे. गाडी आपटली की त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा जरासा हलायचा. ते मला बघवायचं नाही.

"बाबा, तुम्ही वेगळं काय केलं होतं? काहीतरी खूण करा ना."

"बरं," बाबा म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले.

मला त्यांचाही राग आला. मी तुमच्यासाठी जिवाचं रान करतेय आणि तुम्ही दाराकडे बघताय.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी वळणाचा नाद सोडला आणि अगदी सुरुवात बघितली. सगळे वळणच बघत होते, मीसुद्धा. आधी बाबा सेटिंगमध्ये जाऊन इंजिनाचा आवाज पार बंद करत होते. ते मला माहीत होतं. घरात कटकट नको म्हणून करत असतील, असं मी धरून चालले होते. पण लगेच नंतर पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं येऊन गेली. सीडीचं झाकण उघडलं. झाकण बंद.

मी कपाळावर हात मारला. हा खेळ एकदा सुरू झाला की त्याची सीडी काढून आपल्या आवडीच्या गाण्यांची सीडी घालता येते आणि ती ऐकत शर्यत खेळता येते. रेकॉर्डिंगमध्ये झाकण उघडल्याची नोंद राहते, आत कुठली सीडी घातली त्याची राहत नाही. खेळाची सीडी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली असते, मग एम्युलेटर बापडा तीच परत आत ठेवतो, गाणं शोधायला वेगळाच वेळ लागतो आणि शर्यत चुकीच्या क्षणी सुरू होते. म्हणजे बाबांनी दुसरी सीडी घातली होती.

मी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. आत एक पांढरी सीडी होती, तिच्यावर दवाखान्याचा शिक्का आणि खाली छापलेलं: रक्तदाबासाठी श्वसनाचे व्यायाम.

"बरं, बरं, बरं," म्हणत बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला वाटलं, त्यांना आनंद झाला.

"थांबा हो, आता त्या दीडशहाण्याला दाखवतेच," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

झाकण उघडण्याच्या जागी रेकॉर्डिंग थांबवलं, ती सीडी निवडली, पुढे सोडलं. इंजिन मुकं. एका बाईचा गोड आवाज तेवढा खोलीभर पसरला. 'दीर्घ श्वास घ्या. आता सावकाश सोडा.' पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर गाडी भिंतीला जेमतेम बोटभर जागा ठेवून सुळकन निघून गेली. मी टेबलावर मूठ आपटली. मला रडू येत होतं.

आई ओल्या हातांनीच बाहेर आली. "सापडली का गं ती सीडी? किती शोधली मी. फिजिओथेरपीवाली म्हणतेय, व्यायाम पुन्हा..."

पडद्यावर गाडी घाट उतरत होती. बाई म्हणत होती, 'खांदे सैल सोडा.' आईने पडद्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

"रोज संध्याकाळी हेच चालायचं?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. शर्यत संपली, विक्रमाचा आकडा पडद्यावर जसाच्या तसा आला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

"मी आतून ऐकायची," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "ही बाई बोलायला लागली की जिवाला शांत वाटायचं. ह्यांचं लक्ष मोडू नये म्हणून भांडीसुद्धा नंतर घासायची. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम नीट करत नसतील तर गोळी वाढवतो. मी सांगितलं, वाढवू नका, रोज करतात, मी माझ्या कानांनी ऐकते."

इतके दिवस मी एका हसऱ्या चेहऱ्यावर जळत होते. आता वाटलं, बाबांना खांद्यांना धरून गदागदा हलवावं, म्हणावं, इंजिनाचा आवाज मुद्दाम बंद करून तुम्ही कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकत होता? पण त्या खांद्यांमधला एक लुळा होता आणि रोज सकाळी तो मीच सदऱ्यात घालत होते. एवढा राग घेऊन जायचं कुठे, तेच मला कळेना.

"राहू दे आई," मी म्हटलं. "नाही पाठवत मी."

"का? पाठव की." आईने पदराला हात पुसले. बाबांनी डोळे उघडले होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "सीडी कुठली होती तेही कळव. आणि त्या माणसाला लिही, ह्यांनी तुम्हाला नाही फसवलं."