दर दहा मिनिटांनी

ताईच्या पोटाच्या ऑपरेशनला एकच दिवस झाला होता. उशाशी एक पंप आणि तिच्या मुठीत त्याचं बटण. दुखलं की तिने ते दाबायचं, मग वेदनाशामक थेट शिरेत जायचं. भूलतज्ज्ञ बाईंनी सकाळीच धाकटीला बजावलं होतं, की बटण फक्त पेशंटने दाबायचं.

पण ताई ते दाबायलाच तयार नव्हती. आत्ताच तर दाबलं, म्हणायची आणि दात आवळून पडून राहायची. दुपारी तिचा डोळा लागला. जागी झाली की पुन्हा सोसत बसेल, म्हणून धाकटीने तिच्या मुठीतून बटण हळूच काढून घेतलं आणि घड्याळ बघून दर दहा मिनिटांनी दाबत गेली. तासाभरात ताई घोरू लागली. धाकटीने भाऊजींना फोन करून ही खुशखबर दिली. ते म्हणाले, आता कळलं ना मी हॉलमध्ये का झोपतो ते.

नर्स ताप बघायला आली, पण थर्मामीटर तिच्या हातातच राहिला. ताईचे श्वास मिनिटाला सहा होते. हाका मारल्या, खांदा हलवला, तरी ती उठेना. मग ऑक्सिजन लावला, त्या वेदनाशामकावर उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. ताईने डोळे उघडले ते कळवळतच.

इतक्या वेळा बटण कुणी दाबलं, असं भूलतज्ज्ञ बाईंनी पंपावरची नोंद बघून विचारलं. ताईने एकदा धाकटीकडे पाहिलं.

"मीच. फार दुखत होतं."

म्हणजे हे औषध तुम्हाला झेपत नाही, असं म्हणत बाईंनी पंप काढायला सांगितलं. नर्सने नळीला हात घातला, तेव्हा धाकटीच्या तोंडून शब्द फुटला.

"तिने नाही. मी दाबलं. ती झोपली होती."

बाई रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. ते घोरणं गाढ झोपेचं नव्हतं, श्वास अडत होता, त्यांनी सांगितलं. झोपलेला माणूस बटण दाबत नाही, म्हणून तर ते त्याच्याच हातात देतात. पंप राहील, पण निदान दोन तास बंद. तोवर सोसावं लागेल.

सगळे गेल्यावर धाकटी खुर्ची ओढून बसली आणि माफी मागू लागली. ताईने तिला थांबवलं.

"तू जरा बाहेर बस."

"रागावलीस?"

"नाही गं, वेडे. तुझ्यासमोर मला कण्हता येत नाही."

धाकटीने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ती बाकापर्यंत पोचायच्या आतच पहिलं कण्हणं ऐकू आलं.