अल्बममध्ये नसलेले बाबा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मला ना सेल लागतो, ना मला मोबाइलसारखा पडदा आहे. माझ्या बघायच्या काचेत मधोमध एक पिवळसर चौकोन आहे. त्यात समोरचा माणूस दोन-दोनदा दिसतो. भिंगाची कडी फिरवली की त्या दोन प्रतिमा जवळ सरकतात, आणि एकमेकींवर अचूक बसल्या की फोटो स्पष्ट येतो.

माझे मालक छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. नजर अशी, की उलटे अक्षर दुरून ओळखावे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात असे. शेजारीपाजारी, कामगार, नातेवाईक, सगळ्यांचे फोटो आम्ही काढले. लोक म्हणत, "तुम्हीपण या ना आमच्यात." ते हसून म्हणत, "मग काढणार कोण, माझं भूत?"

वर्षे गेली. माझ्या आतल्या आरशाचा मुलामा उडत गेला आणि चौकोन अगदी अंधूक झाला. दुरुस्तीवाल्याने स्पष्टच सांगितले, "पुसायला गेलो तर आहे तेही जाईल." मग घरात मोबाइल आले आणि मी कपाटात स्वेटरांच्या मागे जाऊन पडलो. बारा वर्षे मला कोणी हात लावला नाही. खोटे कशाला बोलू, मी रुसलो होतो.

एके दिवशी मालकांच्या लेकीने मला बाहेर काढले. आठवड्याने त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. तिने सगळे अल्बम चाळले होते, पण बाबा कुठेच नव्हते. मोबाइल समोर धरला की ते तोंड फिरवत आणि म्हणत, "त्यात काय, नुसतं बोट लावायचं!" मला पाहिल्यावर मात्र ते गुपचूप इस्त्रीचा सदरा घालून खिडकीपाशी बसले.

लेकीने माझ्यात नवा रोल भरला आणि डोळा लावला. बराच वेळ कडी फिरवली. "बाबा, मला चौकोनच दिसत नाही हो."

"काळ्या चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा काप. भिंगावर नको, बघायच्या काचेवर पुढच्या बाजूने मधोमध लाव. तिथला उजेड अडला की चौकोन उठून दिसतो. आता?"

"दिसतोय. पण तुमचे डोळे काही जुळत नाहीत."

"डोळे सोड. चष्म्याच्या फ्रेमची उभी कड बघ. दोन कडा दिसतील, त्यांची एक कर. घाई नको."

त्यांना धाप लागत होती, तरी ते हलले नाहीत. लेकीने श्वास रोखला. मीही माझ्या परीने जोर लावला. दोन कडा सरकत सरकत एक झाल्या. खट्ट!

शस्त्रक्रिया नीट पार पडली. घरी आल्यावर त्यांनी तो फोटो हातात घेतला. चष्म्यामागच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येत होत्या. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "अगं, मी तर हुबेहूब माझ्या वडिलांसारखा दिसतो." त्यानंतर ते तीन वर्षे होते. त्या तीन वर्षांत लेकीने त्यांचे पुष्कळ फोटो काढले, आणि त्यांनी एकदाही तोंड फिरवले नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू अंधूक झाल्या म्हणून टाकून देऊ नका. त्या कशा वापरायच्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेळेवर विचारून घ्या. आणि तुमच्या घरात नेहमी फोटो काढणारे जे कोणी असतील, त्यांच्या हातातून आज कॅमेरा घ्या आणि त्यांना म्हणा, "आता तुम्ही बसा."