सोय झालेली शाळा

प्रयोगशाळेची किल्ली अजून टेबलावरच पडलेली — दोऱ्याला खडूची पूड, आणि गाठ विज्ञानाच्या बाईंनी स्वतः मारलेली, घट्ट. बाई काल शाळा सोडून गेल्या. चांगली नोकरी लागली, जाणारच. मुख्याध्यापिकेला त्यांचा राग आला नाही. राग आला समोरच्या सरकारी फॉर्मचा. विज्ञान शिक्षकाचं पद: रिक्त. आणि त्याखाली तो प्रश्न — स्थानिक पातळीवर सोय झाली आहे का?

सहा वर्षं ती तिथं 'होय' लिहीत आली होती. पहिल्या वर्षी तर ऐटीत... परदेशी कामाला गेलेल्या गावच्या मुलांनी वर्गणी काढून छप्पर घातलं, बाईंचा पगार सुरू केला, आणि शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा मीच त्यांना सगळं मिरवून मिरवून दाखवलं — काय नडलं होतं? चहा पिता पिता साहेब म्हणाले, "तुमचं बरं आहे बाई, तुमची माणसं बाहेर आहेत." ती हसली होती. त्यानंतर सरकारी शिक्षक आला नाही, दुरुस्तीचा निधी आला नाही. दरवेळी कार्यालयात तेच उत्तर, तुमची सोय आहे ना... आणि सोय म्हणजे कोण, तर त्याच मुलांतला माझा धाकटा भाऊ. वर्गणीतून कुणी अंग काढून घेतलं की त्याचाही वाटा उचलणारा, त्यासाठी दोन-दोन पाळ्या करणारा, फोनवर बोलता बोलता पेंगणारा.

फोन वाजला. त्याचाच.

"ताई, बाई गेल्या म्हणे. दुसरं कुणीतरी बघ. पैशाचं मी बघतो."

"आणखी किती बघशील?"

"मुलांचं वर्ष वाया जाईल गं."

जाईलही, तीच तर धास्ती. आणि त्यांच्या आयांना तोंड मलाच द्यायचंय... तरी ती म्हणाली, "नको पाठवूस. शिक्षक देणं सरकारचं काम आहे. मी मागते."

"नाही दिला तर?"

"तर परत मागीन."

पलीकडे त्यानं लांब श्वास सोडला — लहानपणी पाण्याची भरलेली बादली तिनं त्याच्या हातून घेतली की सोडायचा तसा. "खरंच नको?" त्यानं इतक्या हळू विचारलं की तिला रडूच आलं. इतकी वर्षं हा नाही म्हणायला लाजत होता आणि मी नको म्हणायला. दोघंही एकाच माळेचे मणी.

"खरंच. आज झोप काढ जरा."

फोन ठेवून तिनं फॉर्मवर 'नाही' लिहिलं. खोटं नव्हतं ते. उद्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात जायचं, बाकावर ताटकळायचं. साहेब तोंड वाकडं करणार, कदाचित वर्षभर झुलवणार — आणि तोवर वर्गात कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं. भीती वाटायला हवी होती. पण इतकी वर्षं ज्या खोलीत ती मान खाली घालून बसली, तिथं उद्या भांडायला जायचं होतं, हक्कानं — आणि बाई जाणार हे कळल्यापासून आज पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली होती.