झाकणावरचं दही

त्या रविवारी दुपारी माझे वडील, अण्णा, आणि मी नर्सरीतल्या पत्र्याच्या खोलीत बसून माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं लिनक्स अपग्रेड करत होतो. गिरणारे रस्त्याला आमची टोमॅटो-कोबीच्या रोपांची नर्सरी आहे. शेडमधले फवारे ठरल्या वेळी सोडायचं काम तो लॅपटॉप करतो.

मध्येच पडद्यावर प्रश्न आला : सेटिंगच्या या फाइलमध्ये तुम्ही बदल केले आहेत. तुमचीच ठेवायची की नव्या आवृत्तीची घ्यायची?

"नवी घ्या," मी म्हणाले.

"का?"

"बनवणाऱ्यांनी विचार करूनच बदलली असेल ना!"

"त्यांनी आपली नर्सरी पाहिलीय?"

"अण्णा, सगळ्या जगात चालते ती फाइल."

"मग चालू दे की जगात." त्यांनी जुनी ठेवली. नवी तिच्या शेजारीच पडून राहिली. "राहू दे. पाहुणी आहे."

आमचं हे नेहमीचंच. लग्नाचा हॉल असो की भाजीतलं मीठ, 'तुमचं बरोबर आहे' असं आम्ही एकमेकांना कधी म्हटलं नव्हतं. हरणाऱ्याने विषय बदलायचा, एवढाच नियम.

"थंडी वाढली," मी म्हणाले.

"वाढली," अण्णा खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपांचे ट्रे उचलताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर मी आवरायला घेतलं. कपाट झालं, चपला झाल्या, मग लॅपटॉप. पाहुणी फाइल अजून तिथेच होती. मी तिला जागेवर बसवलं, अण्णांची बाजूला काढून ठेवली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि झाकण लावलं.

सकाळी आई पातेलं घेऊन समोर उभी.

"दही लागलं नाय."

"विरजण कमी पडलं असेल."

"तू जन्मायच्या आधीपासून विरजण लावते मी."

"मग दूध पातळ असेल."

"म्हैस तीच हाय."

तेवढ्यात ट्रे सांभाळणाऱ्या ठमाबाई धावत आल्या. "ताई, फवारे बंद पडले! रोपांनी माना टाकल्या!"

मी खोलीत जाऊन लॅपटॉपचं झाकण उघडलं. बाहेर फवारे सुरू झाले आणि ठमाबाई किंचाळल्या. झाकण लावलं, फवारे थांबले. खात्री करायला परत उघडलं.

"ओ ताई, आंघोळ झालीय माझी! काय ते एकदाचं ठरवा!"

दोन्ही फाइली शेजारी ठेवून वाचल्या. फरक एकाच ओळीचा होता. नवी म्हणत होती, झाकण लावलं की झोपायचं. अण्णांची म्हणत होती, झाकण लावलं तरी जागं राहायचं.

"हे फवाऱ्यांसाठी केलं असणार," मी म्हणाले.

"फवाऱ्यांसाठी कशाला?" दारातून आई म्हणाली. "माझ्या दह्यासाठी. थंडीत लागायचं नाय. या लॅपटॉपवर पातेलं ठेवायचे मी, तर झाकण लावलं की मेलं गार पडायचं. मग त्यांनी त्याला सांगितलं, झोपू नको म्हणून."

मी अण्णांची फाइल जागेवर ठेवली, मशीन सुरू केलं, झाकण लावलं. आईने नव्या विरजणाचं पातेलं वर ठेवून त्याला अण्णांचा मफलर गुंडाळला. बाहेर फवारे चालूच होते. मी झाकणाला हात लावून पाहिला. ऊब येत होती.

थंडी वाढली, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"अण्णा," मी मोठ्याने म्हणाले, "तुमचं बरोबर होतं."