फोटोत वजन दिसत नाही

बाईंनी कप उचलला तो इतरांसारखा दोन बोटांत धरून नाही. चारही बोटं त्यांनी कपाच्या कानातून आरपार घातली, मूठ वळली आणि अंगठा कानाच्या वरच्या छोट्या पट्टीवर टेकवला. हे सगळं खाली न बघता. सकाळपासून तीसेक माणसांनी तो कप हाताळला होता आणि प्रत्येकानं ती पट्टी म्हणजे नक्षी समजून तिच्यावरून नुसतं बोट फिरवलं होतं. अंगठा तिथं ठेवायचा असतो हे कुणाला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर कप करणारीलाही सुचलं नव्हतं.

कप करणारी टेबलामागे बसून एक वाडगा कागदात गुंडाळत होती. ते सोडून ती उभी राहिली.

प्रदर्शनाचा हॉल लांबलचक होता. वर पत्रा, खाली सिमेंट आणि मधे साठ-सत्तर टेबलं. कुणी हातानं शिवलेल्या वह्या मांडलेल्या, कुणी लाकडी चमचे, कुणी लोकरीच्या टोप्या. प्रत्येक टेबलावर एक छोटं कार्ड, कारण हल्ली नुसती वस्तू विकून भागत नाही, तिच्यासोबत एखादी गोष्टही द्यावी लागते. तिच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘हा कान जाणूनबुजून वाकडा आहे. वाकडेपणालाही तोल असतो.’ या दोन वाक्यांसाठी तिनं दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि लोक ती वाचून मान डोलवत होते.

बाईंनी कार्ड वाचलं नाही. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, केस घाईत बांधलेले. त्यांनी कप हातात दोनदा वरखाली केला.

“बूड हलकं झालंय याचं,” त्या म्हणाल्या. सुरात तक्रार नव्हती. शेजारणीला भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

“मी हलकंच ठेवते. हातात बरं वाटतं.”

“बरं वाटतंच. पण थरथरत्या हाताला हलकं बूड चालत नाही, हाताबरोबर कपही नाचतो. बुडाशी बोटभर माती राहू दिली ना, की हात हलला तरी कप फारसा हलत नाही.” मग त्या स्वतःच ओशाळल्या. “राग नका मानू हं ताई. मी तुम्हाला काय शिकवणार.”

कान का रुंद, का खाली, का तिरका, वर पट्टी कशाला, सगळं एका वाक्यात लख्ख झालं. तिनं तो कप पुढून पाहिला होता, बाजूनं पाहिला होता, वरून पाहिला होता. तीन फोटो होते. पण फोटोत वजन दिसत नाही.

ते फोटो तिनं आठ महिन्यांपूर्वी पाहिले होते, याच प्रदर्शनाच्या निवड समितीत बसून. अर्जांवर नावं नसतात, नुसते आकडे असतात. वशिला चालू नये म्हणून ही पद्धत, आणि ती आणण्यासाठी तीच सगळ्यांत जास्त भांडली होती. त्या तीन फोटोंचा अर्ज पडद्यावर आला तेव्हा त्यातला कप तिला आवडला. इतका आवडला की कुठंतरी टोचलं. वीस वर्षं मातीत हात घालून तिला असा कान कधी सुचला नव्हता, आणि हे काम तर उघडउघड नवशिक्याचं होतं. तिनं शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, ‘कान वाकडा बसला आहे. हात अजून बसायचा आहे.’ बाकीच्या दोघांनी मान डोलावली आणि अर्ज बाद झाला. तिचा शब्द तिथं सहसा कुणी खाली पडू देत नसे.

पुढं महिनाभर तो कप डोळ्यांसमोरून हलेना. मग एका दुपारी ती कामाला बसली आणि तो कान तिच्या हातून आपोआप झाला. निदान आपोआप झाला असं तिनं स्वतःला सांगितलं. आपोआप व्हायला सहा प्रयत्न लागले.

“तुम्हीही करता का मातीकाम?” तिनं विचारलं. प्रश्न विचारताना तिचा आवाज नेहमीपेक्षा गोड झाला, आणि तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“करायचे. दोन वर्षं.” बाई हसल्या. “यांचे हात थरथरायला लागले म्हणून. घड्याळं दुरुस्त करायचे हो हे, आणि आता चहाचा कप तोंडापर्यंत जाईना. मी दुकानातून तोटीचा कप आणला, लहान मुलांचा असतो तसला. हे तोंड फिरवून बसले. दोन दिवस चहा नाही की काही नाही. मग संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. एकोणीस फोडले तेव्हा एक धरता येण्याजोगा झाला.”

“असाच?”

“अगदी असाच. म्हणून तर थबकले इथं.” त्यांनी कप दिव्याखाली धरला. “माझा इतका सुबक नव्हता. आमच्या वर्गातल्या सरांनी मागं लागून इथं अर्ज करायला लावला. नापास झाले. कान वाकडा बसलाय म्हणाले, हात बसायचाय अजून.”

वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणतानाही त्या हसल्याच, आणि तिला वाटलं, धरणीनं आत्ता पोटात घेतलं तर फार बरं होईल.

“समितीचं काय एवढं मनावर घ्यायचं,” ती कशीबशी म्हणाली.

“अहो, जाणती माणसं ती. उगीच कशाला लिहितील? मी उरलेली माती वर्गाला देऊन टाकली. यांचा शेवटचा कप गेल्या पंधरवड्यात फुटला, तेव्हापासून नळीनं पितात. बोलत नाहीत काही, पण नळी तोंडात घेताना माझ्याकडं बघत नाहीत. पुन्हा करायला बसावं असं खूप वाटलं, पण हातच धजला नाही.”

आता सांगायचं होतं. चार शब्दांचं काम होतं आणि ते चार शब्द ऐकून ही बाई घरी जाऊन माती मळायला घेणार होती, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं तोंड उघडलंही. पण शेजारच्या टेबलावरचा चमचेवाला इकडंच बघत होता. त्याला निवडणारी तीच. तिनं टेबलावरचा एक कप उचलून उगीच पुसला.

“पण आज बरं वाटलं,” बाई म्हणाल्या. “मला वाटायचं, हे खूळ माझ्याच डोक्यातलं. आणि तुमच्यासारख्या कसलेल्या माणसाच्या हातूनही तेच निघालं. म्हणजे तुमच्या घरीही कुणाचे तरी हात थरथरत असणार. उगीच नाही सुचत कुणाला हे.”

“आईचे,” ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं की तो गेला. वेळ मारून न्यायची म्हणून माणूस किती झटकन आईला पुढं करतं, याची तिला स्वतःचीच शिसारी आली.

नेमकी त्याच वेळी “घे गं बाळ,” म्हणत आई चहा घेऊन आली. सकाळपासून टेबलावर मदतीला बसलेली आई, वय त्र्याहत्तर. जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं केलेली, अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी. दोन्ही हातांत कागदी पेले काठोकाठ भरलेले, समोर माणसांची ही गर्दी, कुणाची पिशवी लागतेय, कुणाचा कोपर लागतोय, आणि एक थेंब सांडलेला नाही.

“या, मावशी,” बाई लगबगीनं बाजूला झाल्या. “तुमचंच बोलणं चाललं होतं. हात सकाळी जास्त थरथरतात का हो तुमचे? यांना सकाळी फार होतं.”

आईनं बाईंकडं पाहिलं. मग लेकीकडं पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिचा उजवा हात थरथरायला लागला. चहा पेल्याच्या काठावरून तिच्या मनगटावर आला, बाहीत उतरला. गरम असणार, पण तिनं हात मागं घेतला नाही.

“सकाळीच,” आई म्हणाली. “सकाळी फार होतं.”

“अगं बाई, भाजेल की,” म्हणत बाईंनी दोन्ही पेले तिच्या हातातून काढून घेतले. टेबलावरचा एक कप ओढला, त्यात चहा ओतला, आईची बोटं एकेक करून कानात घातली आणि अंगठा पट्टीवर ठेवून वरून दाबला. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला.

“इतके कप केलेत तुम्ही ताई, आणि त्यांना कागदी पेल्यात चहा कशाला?”

आई थरथरत्या हातानं कप तोंडाला लावून घोट घोट चहा पीत होती, आणि बाई अशा कौतुकानं बघत होत्या, जसं काही हे सगळं त्यांच्याच घरातलं आहे. नंतर त्यांनी दोन कप घेतले. पैसे नकोत असं तिनं तीनदा सांगून पाहिलं, पण बाईंनी ऐकलं नाही. बूड हलकं आहे खरं, पण चालवून घेऊ, निदान नळी तरी सुटेल, असं म्हणून त्यांनी कप पिशवीत ठेवले, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि गर्दीत शिरल्या.

बाई वह्यांच्या टेबलापलीकडं वळेपर्यंत आईचा हात थरथरत राहिला. मग थांबला. आईनं कप खाली ठेवला, बाही पिळली आणि खुर्चीत बसली. मनगटावर तांबडा चट्टा उठला होता. कुण्या गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात ती म्हणाली,

“कशासाठी थरथरले मी, एवढं तरी सांग.”

“आई, नंतर.”

“आत्ता सांग.”

ती टेबलाकडं बघत राहिली. वर कप होते, खाली खोक्यात कप होते.

“तो कप त्या बाईंचा आहे.”

“हा? मी प्यायले तो?”

“सगळे,” ती म्हणाली.

आई रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. तिनं बाईंनी दिलेल्या नोटा गल्ल्यातून काढून लेकीच्या हातात ठेवल्या. टेबल आणि भिंत यांच्यामधे माणूस जाईल इतकीच वाट होती आणि तिच्यात आईची खुर्ची होती. आई उठली, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि स्वतःही भिंतीला टेकून उभी राहिली.

बाई दरवाज्यापाशी सापडल्या. तिथं लाकडी चिपळ्या विकायला होत्या आणि दहा-बारा माणसं त्या एकदमच वाजवून बघत होती. तिनं बाईंच्या दंडाला हात लावला. बाई वळल्या, तिच्या हातातल्या नोटा पाहून म्हणाल्या, “कमी दिले का हो मी?”

तिनं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून, आधी शेरा आणि मग फोटो.

“काय म्हणालात?” बाई हसत पुढं वाकल्या. “इथं काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये.”

मग तिला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं, त्यांच्या चेहऱ्याकडं बघत.