आतली कडी

मंगळवारी सकाळी घड्याळजी आपल्याच बाथरूममध्ये चार तास अडकून पडले आणि जगात कोणाचंही काही अडलं नाही.

कडी जुनी, गंजलेली. लागताना लागली, उघडताना हटून बसली. दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता, पण घड्याळजींनी चाळीस वर्षं लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त केलेली; घाई केली की स्क्रू बिघडतो हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक होतं. आरशाखालच्या फळीवर नेलकटर होतं. त्याच्या पट्टीने त्यांनी कडीचे तीन स्क्रू काढले. चौथ्याची खाच झिजली, तेव्हा एक पाय भिंतीला लावून दार ओढलं आणि तो लाकडाच्या ढलप्यासकट उपटून आला. बाहेर आले तेव्हा अंग कधीच वाळलं होतं, टेबलावरच्या चहावर साय धरली होती आणि फोनवर एकही कॉल आलेला नव्हता.

बायको जाऊन अकरा महिने झाले होते. मध्यंतरी घड्याळजींनी दुधाचं पातेलं जाळलं, तेव्हा मुलीने फोनवरच निकाल देऊन टाकला होता. "बाबा, आणखी एकदा असं काही झालं की तुम्ही माझ्याकडे यायचं. मग मी काही ऐकून घेणार नाही." मुलगी गुणाची, जावई सज्जन, घरही ऐसपैस. पण हे घर बायकोने मांडलेलं होतं. डबे तिने लावलेले, पडदे तिने शिवलेले. हे सोडून जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखंच होतं, आणि तेवढं बळ घड्याळजींच्या अंगात नव्हतं.

मुलगी रविवारी येणार होती. तिने ते फुटकं दार पाहिलं की संपलं. खालच्या मजल्यावर सुतार राहत होता, पण सुताराच्या बायकोचं आणि मुलीचं फोनवर असं गूळपीठ होतं, की रंधा थांबायच्या आत बातमी पोचली असती. तेव्हा आपला हात जगन्नाथ. कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. एक कडी आणायची, एक स्क्रू ड्रायव्हर आणायचा आणि गुपचूप बसवून टाकायची.

आता घड्याळजींकडे स्क्रू ड्रायव्हर नव्हते असं नाही. चांगले अकरा होते, पण सगळ्यात मोठ्याचं पातं तांदळाच्या दाण्याएवढं. म्हणून त्यांनी जुन्या स्क्रूची खाच मापली, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'पात्याची रुंदी साडेसहा मिलिमीटर, जाडी एक पूर्णांक एक' असं लिहिलं आणि बुधवारी सकाळी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

उभेच राहिले. काउंटरवर ठेकेदारांची झुंबड होती. कोणी पोतंभर खिळे मागत होता, कोणी पाइप, आणि प्रत्येकजण घड्याळजींच्या डोक्यावरून हात घालून माल उचलत होता. मालक फोनवर होता. घड्याळजी "अहो, मला..." म्हणाले की तो एक बोट वर करून "एक मिनिट" म्हणायचा. ते एक मिनिट सतरा मिनिटं चाललं. अंदाजाने सांगत नाही. घड्याळजींनी मोजलं होतं.

अखेर गळ्यात मोजपट्टी अडकवलेला एक जाडजूड विक्रेता त्यांच्याकडे वळला. त्याने चिठ्ठी पाहिली, उलटी करून मागची बाजूही पाहिली.

"हे काय आहे, काका?"

"माप आहे. स्क्रू ड्रायव्हरचं."

"मिलिमीटर-बिलिमीटर इथे चालत नाही. सुतात सांगा. दोन सूत, तीन सूत?"

"सुतात मला येत नाही हो."

"मग मिस्त्रीला पाठवा ना! तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मिस्त्री नाहीये. मीच बसवणार आहे."

विक्रेत्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फळीवरून एक पाकीट काढून पुढे सरकवलं. "हा घ्या. सगळे हाच नेतात."

घरी येऊन घड्याळजींनी कात्रीने ते जाड प्लास्टिक कापलं. त्यात त्यांच्या नाकी नऊ आले. आत निघाला फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर. स्क्रूची खाच सरळ, आणि याचं टोक फुलीचं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. दुकानातच पाहून घ्यायला काय झालं होतं?

गुरुवारी पुन्हा तीच झुंबड, तेच बोट, तेच एक मिनिट.

"पाकीट फोडलंय, काका. परत घेता येणार नाही."

"फोडल्याशिवाय आत काय आहे ते दिसणार कसं? वर तर सरळ पात्याचं चित्र आहे!"

"चित्र कंपनीचं असतं," विक्रेता शांतपणे म्हणाला. "आपण माल विकतो."

घड्याळजींना आयुष्यात फार कमी वेळा राग आला होता. त्या दिवशी कानशिलं तापली. त्यांच्या हातून एखाद्याचं घड्याळ चुकीचं जुळलं असतं, तर ते रात्रभर झोपले नसते. पण भांडायचं तर आवाज लागतो, आणि त्यांचा आवाज हल्ली घरात वापरच नसल्यामुळे चढता चढता फाटला. दोघे ठेकेदार हसले. घड्याळजींनी मुकाट्याने सरळ पात्याचा दुसरा स्क्रू ड्रायव्हर घेतला, हातात धरून नीट पाहून घेतला, आणि कडी मागितली.

"डाव्या हाताची की उजव्या?"

"म्हणजे?"

"दार कुठल्या बाजूला उघडतं?"

घड्याळजींनी डोळे मिटले. तीस वर्षं ज्या दारातून ये-जा केली, ते दार कुठल्या बाजूला उघडतं हे त्या गर्दीत काही केल्या आठवेना.

"नमुना आणा, नमुना. जुनी कडीच घेऊन या," असं म्हणून विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

शुक्रवारी दुकान बंद होतं. कुलपावर हात ठेवून घड्याळजी थोडा वेळ तिथेच थांबले, मग परतले. दिवसभरात ते कोणाशी एक शब्दही बोलले नाहीत. संध्याकाळी हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांना नुसतीच भीती वाटली.

शनिवारी ते मुद्दाम भर दुपारी गेले. दुकानात कोणी नव्हतं. मालक जेवायला गेलेला, आणि विक्रेता स्टुलावर पाय सोडून बसला होता. घड्याळजींनी जुनी कडी कागदातून काढून काउंटरवर ठेवली. गर्दी नसली की माणूस माणसासारखा वागतो. विक्रेत्याने कडी हातात घेतली, ढलपा चिकटलेला स्क्रू पाहिला.

"ही काढली नाहीये, काका. ही उपटलीय. काय झालं होतं?"

का कोण जाणे, घड्याळजींनी सांगून टाकलं. मुलीला सांगायचं नव्हतं, सुताराला सांगायचं नव्हतं, ते सगळं त्यांनी या मोजपट्टीवाल्या परक्या माणसाला सांगितलं. चार तास, नेलकटर, सगळं.

"बाप रे! आणि घरात कोणी नव्हतं त्या वेळी?"

"नसतंच. मी एकटाच असतो."

विक्रेता नवी कडी शोधत फळीकडे वळला होता. तो तसाच पाठमोरा म्हणाला, "मग आतून कडी लावता कशाला, काका?"

कुत्सितपणा नव्हता त्यात. चार दिवसांत त्या दुकानात आपुलकीने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. घड्याळजींनी कडीचा कागद घडी घालून खिशात टाकला.

"सवय," ते शेवटी म्हणाले.

"उघडं ठेवत चला दार. कोण येतंय बघायला?" विक्रेत्याने कडी पुढे ठेवली. सोबत चार स्क्रू मोजून दिले, फाटलेल्या भोकात गोंद घालून काड्या कशा ठोकायच्या तेही समजावून सांगितलं. घड्याळजी मान हलवत होते, पण त्यांना अर्धंच ऐकू येत होतं.

कडी मात्र त्यांनी झकास बसवली. भोकं बुजवली, स्क्रू पिळले, घड्याळाच्या तेलाचे दोन थेंब सोडले. बोटाने ढकलली तरी सरकत होती.

रविवारी सकाळी आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी दार उघडं ठेवून पाहिलं. बादलीपाशी उभं राहिलं की समोर खोली दिसत होती. पलंग, त्यावर एका बाजूची विस्कटलेली उशी आणि दुसऱ्या बाजूची न विस्कटलेली. तांब्या हातात धरून घड्याळजी तसेच उभे राहिले. अंगावर पाणी घ्यायचा धीर होईना. शेवटी त्यांनी दार लोटलं आणि कडी लावली.

मुलगी दहाला आली. तिने पाहिलं ते लगेच.

"बाबा, बाथरूमची कडी नवी?"

"जुनी गंजली होती. टाकली बदलून."

"तुम्ही? स्वतः?" ती हसली. "आई असती तर पेढे वाटले असते तिने."

झालं! घड्याळजी जिंकले होते. दिवसभर दोघं गप्पा मारत बसली, जेवली, मुलीने डबे भरून ठेवले, आणि तुम्ही माझ्याकडे चला हे तिने एकदाही काढलं नाही. निघायची वेळ झाली तशी ती हात-पाय धुवायला आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. घड्याळजी बाहेर खुर्चीत बसून ऐकत राहिले. नळाचं पाणी, बांगड्यांचा आवाज, मग पुन्हा कडी. अकरा महिन्यांत त्या दाराआड दुसरं कोणी आहे असं पहिल्यांदा झालं होतं. आणखी दहा मिनिटांनी ते संपणार होतं, आणि ते त्यांना सोसवेना.

मुलगी दारात बसून सँडल घालू लागली.

"मी अडकलो होतो," घड्याळजी म्हणाले.

"काय?"

"मंगळवारी. बाथरूममध्ये. चार तास."

तिचा हात थांबला. "चार तास? आणि बाबा, तुम्ही हाक नाही मारलीत कोणाला? खाली सुतारकाका होते, समोरच्या काकू होत्या, कोणीही धावत आलं असतं!"

"मारली ना."

"मग? कोणीच ऐकलं नाही?"

घड्याळजी जमिनीकडे बघत होते. "पहिला तासभर मी एवढंच ओरडत होतो," ते म्हणाले. "अगं, ऐकलंस का? अगं ए, जरा दार बघ गं."

एक सँडल पायात घातली होती, ती मुलीने काढली आणि भिंतीकडेला ठेवली.