एक हात निळा

कोरड्या विहिरीत बादली सोडली तर ती तळाच्या दगडावर ठण्णकन वाजते. पाण्यात सोडली तर क्षणभर गप्प राहते, मग भस्सकन बुडते, आणि वर ओढताना दोर कुरकुरतो. धाकटी चादर पिळत होती, तेव्हा भिंतीपलीकडून तिला हा दुसरा आवाज आला. पिळता पिळता तिचे हात थांबले. दोर कुरकुरला. थोड्या वेळाने पुन्हा भस्स.

"अहो, जाऊबाईंच्या विहिरीला पाणी आलंय," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा धुतलेल्या कपड्यांची गाठोडी तीनचाकीत चढवत होता. "बरं झालं की."

"काय बरं झालं? पाणी कुणाचं ते आधी विचारा."

नवऱ्याने गाठोडं खाली ठेवलं. या घरात काही प्रश्नांना उभ्याउभ्या उत्तर देता येत नसे, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

घर एकेकाळी एकच होतं. सासरे गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली आणि मधोमध भिंत उभी राहिली. थोरल्याच्या वाट्याला अंगणातली विहीर आली. धाकट्याच्या वाट्याला पत्र्याचं लांबरुंद छप्पर आणि नुकतीच मारलेली बोअर. विहीर तेव्हाच आटलेली होती. "तिला बोअर आणि मला खड्डा," थोरली सगळ्यांदेखत म्हणाली. धाकटीने त्यावर, "खड्ड्याला झाकण तरी घाला, कुणी पडेल," असं म्हटलं. म्हणताना तिला ते विनोदी वाटलं होतं. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं तुटलं.

पुढे थोरली कोपऱ्यावरच्या नळावरून हंडे वाहत राहिली. इकडे बटण दाबलं की धो धो पाणी. मागितलं असतं तर दिलं असतं, असं धाकटी मनाशी म्हणायची. आता थोरली मागणाऱ्यातली नव्हती, आणि धाकटी न मागता देणाऱ्यातली नव्हती. त्यामुळे वर्षं गेली तरी कुणाला वाईटपणा घ्यावा लागला नाही. भाऊ बोलायचे, पण गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला दिसणार नाहीत असे उभे राहून. आणि धाकटीची लेक, जिला सगळे मुंगी म्हणत, ती तर दिवसातून चारदा पलीकडे जायची. भिंतीच्या टोकाला पाणी जायला एक मोरी ठेवली होती. पाणी कधी गेलं नाही, मुंगी जायची.

धाकटीचा धंदा धुण्याचा. लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे, दवाखान्याचे पडदे. पांढऱ्या कपड्यांना तिचा हात असा, की लॉजची मॅनेजरीण चादर उजेडात धरून नुसतं "हं" म्हणायची, आणि त्या बाईचं "हं" म्हणजे इतरांच्या टाळ्या. पण गेल्या उन्हाळ्यात बोअरने मान टाकली. मोटर लावली की नळातून हवा यायची, खोकल्यासारखी, आणि मग चूळभर लाल पाणी. टँकर घ्यावा लागला. टँकरच्या पाण्यात साबणाला फेस येईना आणि चादरी पिवळट पडायला लागल्या. मॅनेजरणीने "हं" म्हणायचं बंद केलं. एक गाठोडं परत आलं. त्यासोबत निरोप होता: पुढचंही असंच आलं, तर मोठ्या लाँड्रीत देऊ, राग मानू नका. मोठ्या लाँड्रीत धाकटीलाही काम मिळालं असतं, नाही असं नाही. तिथे दारावर फोन काढून घेतात, आणि मुंगीला कुठे ठेवायचं ते आपलं आपण बघायचं.

म्हणून गल्लीत पाणी मुरवायच्या विहिरी खोदायचं ठरलं, तेव्हा धाकटीने सगळ्यात आधी हात वर केला. हे सगळं नकाशेकाकांचं डोकं. काका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. बायको म्हणायची, निवृत्त फक्त पगारातून झालेत. त्यांनी गल्लीचा उतार कागदावर काढला, कुणाच्या छपराचं पाणी कुठे पाडायचं ते ठरवलं. धाकटीचं छप्पर सगळ्यांत मोठं. तिच्या अंगणात भोकं असलेली सिमेंटची कडी एकावर एक उतरवून अरुंद, खोल विहीर केली. तिच्या आधी एक हौद, त्यात खडी आणि वाळू, छपराचं पाणी गाळून घ्यायला. "ही विहीर घ्यायची नाही, द्यायची आहे," काकांनी सगळ्यांना बजावलं होतं. "पाणी जमिनीत गेलं की ते गल्लीचं. माझं-तुझं छपरावर असेपर्यंत."

धाकटीने मान हलवली होती. वर्गातली पोरं हलवतात तशी.

त्यानंतर पाऊस तीनचारदा चांगला होऊन गेला. प्रत्येक वेळी पत्र्यावरून, पन्हळीतून, गाळणीतून पाणी गडगडत विहिरीत जायचं आणि सकाळी विहीर रिकामी. धाकटी वाकून बघायची. दूध प्यायलेल्या बाळाची बाटली बघावी तशी समाधानाने. मग बोअरचं बटण दाबायची. बोअर खोकायची.

आणि आता पाणी कुठे निघालं, तर थोरलीच्या विहिरीत.

ती तरातरा काकांकडे गेली. काका पायरीवर बसून चष्मा पुसत होते.

"असंच होणार होतं," ते म्हणाले. "मुरलेलं पाणी आधी उथळ विहिरींना लागतं. तुझी बोअर खोल खडकात आहे. तिथवर झिरपायला दोनचार पावसाळे जातील."

"दोनचार पावसाळे? लॉजवाले दोनचार दिवस थांबणार नाहीत, काका. आणि तेच पाणी कशावरून? माझंच ते, हे तरी कशावरून कळणार?"

"कळून काय करणारेस?"

धाकटी पाय आपटत घरी आली. कळायला तर हवंच होतं. तेवढ्यात पलीकडून थोरलीचा आवाज आला, शेजारणीला सांगताना, मुद्दाम भिंतीकडे तोंड करून: "आमची विहीर जुनी आहे हो. हाडाची चांगली. मध्यंतरी जरा रुसली होती एवढंच."

रुसली होती! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि फळीवर तिला नीळ दिसली.

नीळ तिच्याकडे भरपूर होती. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात चिमूटभर घालायची, म्हणजे पिवळेपणा लपतो. टँकरचं पाणी आल्यापासून तिने पुड्यांवर पुड्या आणून ठेवल्या होत्या. ढग भरून आले होते. तिने एकेक पुडी फोडून गाळणीच्या खडीवर उपडी केली. आता येऊ दे पाऊस. पलीकडे निळं पाणी निघालं, की मग बघू कोण रुसलं होतं आणि कुणी समजूत काढली.

"काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. साफसफाई."

"निळीने?"

"तुम्ही जा हो, लॉजला उशीर होतोय."

पाऊस आला आणि तासभर कोसळून गेला. दुसऱ्या दिवशी धाकटी सकाळपासून भिंतीवरून डोकावत होती. थोरलीने धुणं वाळत घातलं. तिचा पांढरा टॉवेल पांढराच होता. नुसता पांढरा नाही, चांगला लख्ख. तिसऱ्या दिवशीही तसाच. निळीचा कण न् कण वरच्या खडी-वाळूतच अडकून बसला होता. खाली गेलं ते स्वच्छ पाणी. काकांनी गाळणी इतकी चोख बांधून घेतली होती, की धाकटीला कुणावर चिडावं तेच कळेना.

त्यात काका फेरीला आले. गाळणीचं झाकण उचललं आणि तसेच वाकून राहिले.

"हे काय? आभाळ पडलं का इथे?"

धाकटीने सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही.

काका हसले नाहीत. त्यांनी छपराचा पाइप हौदातून काढून गटाराकडे वळवला. "ही खडी-वाळू बाहेर काढायची. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. तोवर या छपराचा थेंब विहिरीत जाणार नाही."

"नीळ काही विष नाही, काका."

"आज नीळ. उद्या कुणी साबण ओतेल, परवा तेल. या गल्लीत सगळे एकाच भांड्यातून पितायत, पोरी. तू तर भांडी धुणारी, तुला मी काय सांगू?"

"कपडे. कपडे धुते मी."

"तेच ते," म्हणून काका निघून गेले.

धाकटी खडी उपसायला बसली. निळा चिखल, निळी टोपली, निळे पाय. खडीचा ढीग झाला आणि मग तिच्या लक्षात आलं, की धुवायला पाणी नाही. टँकर परवावर. पिंपात जे होतं ते लॉजच्या चादरींचं, तेच शेवटचं गाठोडं, ज्यावर सगळं अडलं होतं. चादरी धुवाव्यात तर खडी तशीच राहणार, आणि रात्री पाऊस आला तर सगळं पाणी गटारात. खडी धुवावी तर चादरी. शिवाय त्या पिंपातल्या पाण्याने त्या पिवळट होणार ते होणारच.

मुंगी मधल्या वेळात ढिगात बसून खेळून घेत होती. आईचं लक्ष नाही असं पाहून ती मोरीतून पलीकडे गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती एक हात पुढे धरून.

"बघ आई."

उजवा हात स्वच्छ होता, बोटांच्या पेरांपर्यंत, नखांच्या खालीसुद्धा. डावा मनगटापर्यंत निळा.

"हा कुणी धुतला?"

"मोठ्या आईने."

"आणि हा?"

"हा नाही धुणार म्हणाली. हा तुझ्या आईला दाखव म्हणाली."

धाकटीने मुलीचे दोन्ही हात हातात घेतले. थोरलीला सगळं कळलं होतं, तर. कळलं होतं आणि ती गल्लीभर बोंब मारत फिरली नव्हती. लहान मुलीचा एक हात धुऊन तेवढा पाठवून दिला होता. रागवायला धाकटी कारण शोधत राहिली. नळावरून हंडे घेऊन जाणारी थोरली तिला आठवली, दारावरून जाताना खांदा दुखतोय हे दिसू नये म्हणून ताठ चालणारी. तेव्हा आपण खिडकीत होतो. मोटर चालू होती.

ती उठून भिंतीपाशी गेली. पलीकडे थोरली विहिरीच्या काठावर बसली होती, जणू काही वाटच बघत नव्हती.

"जाऊबाई."

"कोण? आवाज ओळखीचा नाही."

"मी आहे."

"मी म्हणजे कोण? इकडे एक निळी मुंगी येते तेवढीच मला माहीत."

"तुमच्या विहिरीचं पाणी..."

"चांगलं आहे. निळं नाही निघालं. बघितलंस ना, रोज मान लांब करून?"

"बघितलं."

"मग?"

धाकटी इतके दिवस मनाशी म्हणत आली होती, मागितलं असतं तर दिलं असतं. मागायला काय लागतं ते तिला आज कळलं. भिंत छातीएवढीच होती, पण तिचे हात वर उचलवेनात.

"मला पाणी द्या," ती म्हणाली. "खडी धुवायचीय. आणि चादरीही आहेत. लॉजवाले काम काढून घेतील."

थोरली उठली. मग तिने बादली विहिरीत सोडली. भस्स.

"मी मागितलं नाही कधी," दोर ओढता ओढता ती म्हणाली, धाकटीकडे न बघता. "तू दिलं असतंस?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. खोटं बोलणं सोपं होतं, पण ती दमली होती.

"हं," थोरली म्हणाली.

बादली काठावर आली. धाकटीने भिंतीवरून हात पुढे केले.

"भिंतीवरून बादल्या देत बसले तर कंबर जाईल माझी," थोरली म्हणाली. "टोपल्या घेऊन रस्त्याने ये. दार उघडं आहे. आणि चादरीही इथेच आण, धू विहिरीपाशी. साबणाचं पाणी मात्र बाहेरच्या गटारात, नाहीतर तो नकाशावाला दोघींना उन्हात उभं करेल."

धाकटीने खडी टोपल्या टोपल्या करून रस्त्याने नेली. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. दोघी जावा समोरासमोर बसून खडी चोळत राहिल्या. पाणी आधी गडद निळं निघालं, मग फिकट, मग धुरकट. बोलणं असं काही झालं नाही. एकदा थोरली म्हणाली, "एवढ्या निळीत माझा सगळा जन्म पांढरा झाला असता," आणि धाकटीला हसू आलं ते तिने खाली मान घालून लपवलं. पाणी नितळ निघालं तेव्हा थोरलीने मुंगीला जवळ ओढलं, डावा हात बादलीत बुडवला आणि म्हणाली, "चल, हा राहिला होता."

मग चादरी. या पाण्यात साबणाला असा फेस आला, की धाकटीने दोन वेळा हात थांबवून तो नुसता बघितला. शेवटच्या पाण्यात घालायला नीळ उरली नव्हती. लागलीही नाही. धुतलेल्या चादरी दोघींनी मधल्या भिंतीवर वाळत घातल्या.

चादरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. मॅनेजरणीने एक चादर उजेडात धरली, असं नवऱ्याने येऊन सांगितलं.

"मग? काय म्हणाली?"

"हं म्हणाली."

तो खुशीत होता. फक्त आता रोज रस्त्याने वळसा घालून गाठोडी पलीकडे न्यावी लागणार, हे त्याला जड वाटत होतं. त्या संध्याकाळी भाऊही आलेला बघून त्याने विषय काढलाच. "म्हटलं, आता ही मधली भिंत पाडून टाकली तर?"

दोघी जावांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

"पाडा," थोरली म्हणाली. "आणि एवढ्या चादरी वाळत कुठे घालायच्या, ते तुम्ही दोघे भाऊ सांगा."